शेवटचे पंधरा मीटर

गोव्यातल्या फोंड्याच्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे. त्यांच्या वाचनालयाच्या बालविभागात १० ते १४ वयाची पंचवीस मुलं आहेत. त्यांना रानात नेऊन मोबाइलच्या जीपीएसवर खजिन्याचा शोध घ्यायचा आहे, जिओकॅशिंग म्हणतात तसा. बोंडला किंवा वाळपईकडचं रान डोळ्यांसमोर आहे. विचारलंय ते दोनच गोष्टींबद्दल: ॲप कोणतं घ्यावं, आणि डबे कुठे लपवावेत म्हणजे मुलांना सहजासहजी सापडणार नाहीत.

बाई, उत्तर एका ओळीत द्यायचं तर ॲप कुठलंही चालेल आणि डबे सहज सापडतील असेच ठेवा. मग खेळ कसला, असं तुम्ही म्हणणार, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी फोंडा आणि सत्तरी तालुक्यांत गेली बारा वर्षं मुलांच्या रानफेऱ्या घेतो. त्यांतल्या वर्षाला दोन-तीन अशा खजिन्याच्या असतात. पहिली फेरी मी अगदी तुमच्यासारखाच विचार करून आखली होती. डबा जितक्या अवघड जागी, तितकी मजा जास्त. चौथा डबा दोन बागायतींमधल्या गडग्यात, दगडांच्या सांदीत सारून ठेवला आणि स्वतःच्या हुशारीवर खूश झालो. दुसऱ्या दिवशी मुलं तिथे आली तेव्हा फोन म्हणाला, पोचलात. डबा मात्र तिथून चांगला अकरा पावलं पलीकडे. मुलांनी काय करावं? दिसेल त्या भोकात हात घालायला सुरुवात केली. एका मुलीचा हात कोपरापर्यंत आत गेला होता. तिला मागे घेतलं आणि शेजारचा सुटा दगड काठीने सरकवला, तर खाली नांगी वर करून काळी इंगळी बसलेली. कोणाला काही झालं नाही. पण उरलेल्या तीन डब्यांकडे मी मुलांना नेलंच नाही, एकटा जाऊन काढून आणले.

त्या दिवशी चूक फोनची नव्हती. उघड्या मैदानावर चांगला फोन पाचेक मीटरपर्यंत बरोबर जागा दाखवतो. ऐन-किंदळाच्या दाट रानात, त्यातही खोलगट जागी, तोच फोन पंधरा-वीस मीटर इकडेतिकडे होतो. उपग्रहांचे संदेश मुळात अगदी क्षीण. ओली पानं ते अडवतात, खोडांवर आणि उतारांवर आपटून काही संदेश उशिरा येतात, आणि बाजूचा डोंगर अर्धं आकाश झाकून टाकतो. याला उपाय नाही, महागडा फोन घेतला तरी फरक थोडाच. गंमत म्हणजे हा खेळ मुळात जन्मला तोच अशी एक चूक कमी झाली म्हणून. नागरी वापराच्या जीपीएसमध्ये अमेरिका मुद्दाम शंभरेक मीटरपर्यंतची गफलत घालत असे. मे २००० च्या सुरुवातीला ती काढून टाकली आणि दोनच दिवसांत, ३ मे रोजी, ओरेगन राज्यात एकाने रानात बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले.

आता जरा हिशोब करा. चूक पाच मीटरची असेल तर मुलांना शोधायला लागणारं वर्तुळ साधारण ७८ चौरस मीटरचं होतं. पंधरा मीटरची असेल तर ७०० च्या वर, म्हणजे नऊपट. डबा अवघड जागी लपवला की पंचवीस मुलं त्या सातशे चौरस मीटरमधला प्रत्येक दगड उलथणार, प्रत्येक ढोलीत हात घालणार आणि सगळा पाचोळा पायांनी उकरणार. परदेशातल्या एखाद्या नीटनेटक्या उद्यानात हे खपून जात असेल. आपल्या रानात यात मुलांनाही धोका आणि रानाचीही नासाडी. म्हणून माझ्या लेखी खरा प्रश्न डबा कुठे लपवायचा हा नाहीच. फोनने झाडांच्या घोळक्यापर्यंत आणून सोडल्यावर शेवटचे पंधरा मीटर मुलांना कोण नेणार, हा आहे.

ते काम चिठ्ठीचं. माझा बहुतेक वेळ डब्यांवर जात नाही, चिठ्ठ्यांवर जातो. सुरुवातीला मी 'जिथे पाणी गाणे गाते, तिथे पाहा खाली' असलं काहीतरी लिहायचो. यमकाला बरं, पण मुलं धावत सुटली ती थेट ओहोळात. आता माझी चिठ्ठी अशी असते: 'पाट ओलांडा. उजव्या हाताला भिरंडीचं झाड आहे. त्यावर अकरा वेली चढल्यात. त्यांतली एक वेल नाही.' ती अकरावी म्हणजे काथ्याची दोरी. चिखलपाण्यात बुडवून वाळवली की खोडावर इतकी मिसळून जाते की मोठ्यांनाही पटकन दिसत नाही. तिचं वरचं टोक फांदीला अडकवलेलं, खालच्या टोकाला मुलाच्या खांद्याच्या उंचीवर डबा. दोरीची सुटी गाठ मला एका पाडेल्याने, म्हणजे माडावर चढून नारळ काढणाऱ्याने, शिकवली. एका हाताने ओढली की सुटते, वाऱ्याने सुटत नाही.

या चिठ्ठीत काय आहे बघा. झाड ओळखावं लागतं, म्हणजे मुलं आधी पानं बघतात. वेली मोजाव्या लागतात, म्हणजे एका जागी उभं राहून वर बघावं लागतं. आणि डबा डोळ्यांना दिसल्याशिवाय हाताचं काही कामच पडत नाही. मी नियमही तोच ठेवलाय: डबा दिसेपर्यंत हात पाठीमागे. जो हात पुढे काढेल त्याच्या गटाने शंभर आकडे मोजायचे. पहिल्या डब्याला दोन-तीन मुलं चुकतात, पुढे सगळी पोरं आपोआप जुन्या हेडमास्तरांसारखी हात मागे बांधून रानात फिरायला लागतात. बघण्यासारखं दृश्य असतं.

चिठ्ठी फसली तर? फसतेच कधीकधी. म्हणून प्रत्येक गटाबरोबरच्या मोठ्या माणसाकडे दुसरी, घडी घातलेली चिठ्ठी द्या. तिच्यात साध्या भाषेत डब्याची जागा. पाच मिनिटांत डबा नाही दिसला की ती उघडायची, गुण कापायचे नाहीत. गुण कापले की मुलं चिठ्ठी उघडू देत नाहीत आणि शोधाशोध परत पाचोळ्यात सुरू होते.

डबा कुठे ठेवू नये, ते आता तुमच्या लक्षात आलंच असेल. गडगा, ढोली, मुळांमधली पोकळी, बांबूचं बेट, पाचोळा, सुट्या दगडाखाली, कुठेच नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं असे चारही जहाल विषारी साप गोव्यात आहेत. वारुळाच्या जवळपासही नको. सापांचा मुद्दा आहेच, पण आपल्याकडे वारूळ म्हणजे सातेरी देवी. गावच्या माणसाने मुलांना रोयणीत, म्हणजे वारुळात, काठी खुपसताना पाहिलं, तर तुमची फेरी तिथेच संपली आणि त्या माणसाचं काही चुकलं असंही नाही. खांद्याची उंची म्हणजे निर्धोक, असंही समजू नका. ओहोळाकाठच्या झुडपांवर चापडा हा विषारी साप बसलेला असतो, पानासारखा हिरवा किंवा सुक्या फांदीसारखा तपकिरी. आंब्या-काजूवर हुमल्यांची, म्हणजे चावऱ्या तांबड्या मुंग्यांची, घरटी असतात. पावसानंतर खाजकुयलीच्या शेंगा पिकतात, त्यांची कुसळं मानेवर पडली तर मुलाला अर्धा दिवस काही सुचणार नाही. म्हणून सकाळी डबे लावताना प्रत्येक झाडाभोवती मी स्वतः एक फेरी मारतो, आदल्या दिवशीच्या पाहणीवर भिस्त ठेवत नाही.

जागेबद्दल मला तुमच्याइतका उत्साह नाही. बोंडला फक्त आठ चौरस किलोमीटरचं, छोटं आणि जवळचं आहे, म्हणून ते मनात येणं साहजिक आहे. पण ते अभयारण्य आहे. गोव्यात सहा अभयारण्यं आणि मोलेचं राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे १९७२ चा वन्यजीव कायदा लागू होतो. तिकीट काढून फिरायला जाणं वेगळं आणि झाडांना डबे बांधून पंचवीस मुलं वाटेबाहेर सोडणं वेगळं. त्यासाठी वनखात्याची लेखी परवानगी हवी, तोंडी 'जावा हो, कोण बघता' चालणार नाही. वाळपईकडे गेलात तर म्हादई अभयारण्याची हद्द कुठून सुरू होते ते आधी विचारून घ्या. तिथे हद्द गावांना अगदी खेटून आहे. मार्च २०२३ मध्ये म्हादईत आणि इतरत्र वणवे लागले होते. उन्हाळ्यात रानात जमाव दिसला की चौकशी होणारच आणि ती व्हायलाही हवी.

अभयारण्याबाहेरची जमीनही कोणाची तरी असतेच. कोमुनिदादीची म्हणजे गावसंस्थेची असेल, देवस्थानाची असेल, खाजगी असेल, नाहीतर राखीव जंगल असेल. तुमच्या कामाला सगळ्यांत बरं म्हणजे एखाद्या ओळखीच्या माणसाचं कुळागर, म्हणजे पोफळीची बाग, आणि त्याला लागून असलेला रानाचा तुकडा. परवानगी एका माणसाची, पाणी जवळ, वाटा ठरलेल्या. पोफळींचा माथा विरळ, त्यामुळे फोनही वडापिंपळाखालच्यापेक्षा बरा चालतो. वर भिरंड, जायफळ, मिरवेल, केळ असं चिठ्ठ्यांना लागणारं सगळं साहित्य हाताशी. कुळागरवाल्याला फक्त एक शब्द द्या, की मुलं पाटाचं पाणी फोडणार नाहीत. काजूच्या डोंगरावर मात्र फेब्रुवारीअखेरीपासून मेपर्यंत जाऊच नका. बोंडू गोळा करण्याचा हक्क कोणीतरी पैसे मोजून घेतलेला असतो आणि पंचवीस मुलं बोंडूला हात लावणार नाहीत, अशी हमी तुम्हीही देऊ शकत नाही.

देवराईबद्दल वेगळं सांगतो, कारण मुलांना न्यायला त्याहून चांगली जागा नाही आणि डबा ठेवायला त्याहून वाईट जागा नाही. सत्तरीतल्या बांबरच्या निरंकाराच्या राईत रानजायफळाच्या कुळातली झाडं पाण्यात उभी आहेत, त्यांची मुळं गुडघ्यांसारखी वर आलेली. अशा ठिकाणी काही बांधायचं नाही, काही उचलायचं नाही. पण या खेळात बिनडब्याचा प्रकारही आहे. तिथे पोचल्याशिवाय उत्तर देता येणार नाही असा प्रश्न द्यायचा, उत्तर हाच खजिना. गावच्या राईच्या तोंडाशी, मानकऱ्यांना विचारून, चपला बाहेर काढून मी मुलांना उभं करतो आणि विचारतो, आतल्या आणि बाहेरच्या हवेत काय फरक लागतो तो तीन शब्दांत लिहा. सहा ठिकाणांतली दोन अशी बिनडब्याची ठेवली की तुमचं ओझंही कमी होतं.

महिना म्हणाल तर नोव्हेंबरअखेर ते डिसेंबर. पावसाळ्याचा विचारच नको. वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटर पाऊस, ओहोळ तासाभरात चढतात, जळवा वेगळ्याच. जानेवारीनंतर सत्तरीत दुसरी काळजी आहे, माकडतापाची. गोचिडींमधून पसरणारा हा आजार तिथे २०१५ पासून येत राहिला आहे आणि त्याचा जोर साधारण जानेवारी ते मे असतो. ज्या गावात जाणार तिथल्या आरोग्य केंद्रात आठवडाभर आधी फोन करून विचारा. माकडं मेल्याची बातमी असेल तर बेत रद्द करा, दुसरी जागा शोधू नका. एरवीही पूर्ण बाह्यांचे सदरे, मोज्यांत खोचलेल्या विजारी, पाचोळ्यात बसायचं नाही आणि घरी गेल्यावर गरम पाण्याने अंघोळ करून काखा, गुडघ्यांमागे, कानांमागे गोचीड बघायची. हे पालकांना लेखी द्या. त्याच फोनमध्ये केंद्राला सर्पदंशाची लस आहे का तेही विचारून ठेवा. १०८ ची गाडी तुमच्या जागेपर्यंत कुठल्या रस्त्याने येईल, ते एकदा स्वतः जाऊन बघा.

आता तुमचं ॲप. एका दिवसाच्या खेळाला जिओकॅशिंगच्या जागतिक नकाशावर काही नोंदवायची गरज नाही. तिथे डबा नोंदवायचा तर तो कायमचा सांभाळावा लागतो, जमीनमालकाची परवानगी लागते, खड्डा खणून पुरता येत नाही, दुसऱ्या डब्यापासून किमान १६१ मीटर अंतर लागतं. आपल्या पावसात कायमचा डबा सांभाळणं हे वेगळंच व्रत आहे, त्यात पडू नका. नेटवर्कशिवाय नकाशा दाखवणारं आणि आकडे टाकले की बाण दाखवणारं कुठलंही ॲप घ्या, नकाशा आदल्या रात्री घरच्या वायफायवर उतरवून घ्या. रानात नेटवर्क नसलं तरी जीपीएस चालतो, फक्त पहिल्यांदा जागा पकडायला त्याला काही मिनिटं लागतात. तेवढा वेळ उघड्यावर थांबा. बाण वेडावाकडा फिरायला लागला तर फोन हवेत आठाच्या आकारात फिरवायचा. इंग्रजी आठाच्या, मराठी आठाच्या नव्हे. एका गटाने माझ्यासमोर देवनागरी आठ काढून दाखवला होता, म्हणून सांगतो. परदेशी नातेवाइकाने उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र देऊ केलं तर नको म्हणा. आपल्याकडे ते विनापरवाना बाळगता येत नाही.

डब्याच्या जागेचे आकडे मी तीन वेळा घेतो. एक सकाळी, एक दुपारी, एक दुसऱ्या दिवशी, आणि त्यांची सरासरी काढतो. एका वेळच्या आकड्यात जी चूक असते ती तुमच्या फोनची, त्यात मुलांच्या फोनची मिसळली की पंधराचे तीस मीटर होतात. आकडे लिहायची पद्धत मात्र सगळ्यांची एकच ठेवा. १५ अंश ३१.२५० मिनिटं आणि १५.३१२५० अंश या दोन वेगळ्या जागा आहेत. पहिली वाळपईच्या आसपासच्या अक्षांशावर, दुसरी तिथून २३ किलोमीटर दक्षिणेला. एका बापाने गाडीतच फोन लावून बसून मला 'सर, हा तर सत्तरीच्या बाहेर दाखवतोय' असं सांगितलं, तेव्हा मला हे कळलं.

डबे पारदर्शक, घट्ट झाकणाचे घ्या. बाहेरून मोठ्या अक्षरांत लिहा: मुलांचा खेळ, आजची तारीख, तुमचा फोन. परदेशात असे बेवारस डबे बॉम्ब समजून उडवून दिल्याचे प्रकार झालेत. आपल्याकडे गावच्या पंचांना आणि पोलीस चौकीला आदल्या दिवशी कळवलेलं बरं. आत खाऊ ठेवू नका, माकडं तुमच्या आधी शोधतात. आत एक वही, पेन्सिल आणि प्रत्येक डब्यात वेगळा रबरी शिक्का. मुलं आपल्या कार्डावर शिक्का उठवतात आणि डबा होता तसा अडकवतात. पेन नको, दमट हवेत कागदावर चालत नाही. बक्षिसं सगळी परत आल्यावर, एकदम.

पाच-पाचांचे पाच गट करा, प्रत्येकाबरोबर एक मोठं माणूस, आणि प्रत्येक गटाची सुरुवात वेगळ्या ठिकाणापासून. नाहीतर मागचे चार गट नुसते पहिल्याच्या मागोमाग चालतात, फोनकडे कोणी बघत नाही. दोन डब्यांत दीडशे-दोनशे मीटर अंतर पुरे. सगळं मिळून दीड किलोमीटर आणि अडीच तास. प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी, सलग तीन वेळा वाजली म्हणजे सगळ्यांनी जिथे आहोत तिथे थांबायचं. संध्याकाळी डबे आणि दोऱ्या मोजून काढा. एका वर्षी माझा एक डबा राहून गेला, पुढच्या दिवाळीत सापडला तेव्हा आत वहीचा लगदा आणि मुंग्यांची अंडी.

आणि जागा बघायला जाल तेव्हा वाचनालयातलं एखादं दहा वर्षांचं पोर बरोबर न्या. प्रत्येक झाडापाशी त्याला उभं करून बघा. त्याच्या खांद्याची उंची आपल्याला वाटते त्यापेक्षा बरीच खाली असते.